ब्रेक थोडे लूज आहेत, चालतंय!

मागच्या महिन्यात ताई, दाजी आणि नऊ वर्षांच्या भाच्याबरोबर अलिबागजवळच्या एका बीचवर गेलो होतो. तिथे त्या जाडजूड टायरच्या चारचाकी बाइक्स असतात ना, एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल, त्यांची रांग लागलेली होती. भाच्याला अर्थातच बसायचं होतं. मी सवयीने आधी ब्रेकचा लिव्हर दाबला, तर तो सरळ जाऊन हँडलला टेकला! मध्ये काही विरोध वगैरे नाहीच. मऊ लोण्यात सुरी जावी तसा.

गाडीवाला पोरगा म्हणाला, "दादा, ब्रेक थोडे लूज आहेत, पण चालतंय. इथे कुठे ट्रॅफिक आहे?"

मी भाच्याला बसू दिलं नाही. भाचा रुसला, ताई म्हणाली "अरे, पाच मिनिटांनी काय होतंय", आणि एकूणच मी त्या ट्रिपचा व्हिलन ठरलो. असो. पण मला तो मऊ लिव्हर नीट ओळखीचा होता. कारण नेमक्या अशाच एका पेडलने मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या टीमचं वर्षभराचं काम पाण्यात घातलं होतं.

ती गोष्ट सांगतोच, पण त्याआधी थोडा इतिहास. कारण ब्रेकचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं की मेन्टेनन्सच्या पुस्तकात जे कंटाळवाणे नियम असतात, त्यातल्या जवळपास प्रत्येकामागे कोणाची तरी फजिती आहे. काही ठिकाणी तर फजितीपेक्षा फार वाईट काहीतरी आहे.

चांभाराचं दुकान, १८८८

कार्ल बेंझने मोटारगाडी बनवली हे आपण शाळेत शिकतो. पण ती गाडी लांब पल्ल्यावर पहिल्यांदा नेली त्याच्या बायकोने. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी निघाली. अंतर साधारण शंभर किलोमीटर. वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, कारण पेट्रोलपंप नावाची गोष्टच तेव्हा नव्हती.

गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. उतारावर ते झिजायला लागले. तेव्हा बर्थाबाईंनी एका गावात चांभार गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. झालं, ब्रेक लायनिंगचा जन्म! आज आपण गॅरेजमध्ये "लायनर बदला" म्हणतो, त्याची ही सुरुवात. जगातला पहिला टेस्ट ड्रायव्हर, पहिला फील्ड मेकॅनिक आणि पहिला ब्रेक इंजिनिअर हे तिन्ही एकच, आणि ती एक आई होती. आमच्याकडे प्रॉडक्शनला गेल्याशिवाय बग सापडत नाही म्हणतात, ते तेव्हापासून खरं आहे :-)

यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की डोंगरातले गाडीवान उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तुकडे लावतात. आपल्याकडे घाटात बैलगाडी थांबली की कोणीतरी पटकन उतरून चाकाला दगडाची उटी लावायचा, तसलाच जुगाड. फ्रूडने घरामागच्या शेडमध्ये प्रयोग सुरू केले आणि त्यातून कंपनी उभी राहिली 'फेरोडो'. नाव म्हणजे त्याच्याच आडनावाच्या अक्षरांची उलटापालट आणि वर बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातला एक 'ई'. त्याचं सुरुवातीचं लायनिंग कापसासारख्या धाग्यांचं होतं. घोडागाडीला ते चाललं, पण मोटारीच्या वेगाला ते जळायला लागलं. न जळणारा धागा हवा होता. १९०८ च्या सुमारास फ्रूडला तो मिळाला: अ‍ॅस्बेस्टॉस. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

ब्रेक म्हणजे शेगडी

इथे थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचंच आहे.

ब्रेक गाडी 'थांबवत' नाही. तो गाडीची गती उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता हवेत सोडतो. समजा एटीव्ही २९० किलोची आणि वर ८० किलोचा माणूस, म्हणजे एकूण ३७० किलो. ताशी ४० किलोमीटरवरून ती थांबवायची तर साधारण २३ किलोज्यूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेत चहाच्या छोट्या कपाएवढं, म्हणजे १०० मिली पाणी पन्नासेक अंशांनी तापतं. फार काही नाही.

पण हीच गाडी १०० मीटर उंचीचा डोंगर फक्त ब्रेकवर उतरली तर? साधारण ३६० किलोज्यूल. म्हणजे एक लिटर गार पाणी उकळून वर थोडी उष्णता शिल्लक. एवढं सगळं तळहाताएवढ्या पॅडमध्ये आणि त्यामागच्या चमचाभर ऑइलमध्ये. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनला काम करू द्या असं सांगतात. घाटात ती पाटी लावणारा माणूस उगाच लावत नाही.

१९०२ हे वर्ष यात महत्त्वाचं. फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. म्हणजे आज 'जुना' ड्रम आणि 'नवी' डिस्क म्हणतो, ती प्रत्यक्षात एकाच वर्षाची भावंडं. लँचेस्टरची डिस्क उघडी होती आणि पॅड तांब्याचे. तेव्हाच्या रस्त्यांवरच्या धुळीत ते भराभर झिजायचे आणि किंचाळायचेही भयंकर. ड्रम आतून झाकलेला, त्यामुळे धुळीपासून सुरक्षित. म्हणून पुढची पन्नास वर्षं ड्रम जिंकला. कल्पना चांगली होती, पण रस्ता तयार नव्हता.

चार चाकांना ब्रेक? वेडे आहात का?

१९२० च्या दशकापर्यंत बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असायचे. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी उलटेल असं लोकांना वाटायचं! काही गाड्यांच्या मागे तर लाल त्रिकोण लावलेला असायचा: सावधान, या गाडीला चारही चाकांना ब्रेक आहेत. म्हणजे ही पटकन थांबेल, तुम्ही येऊन आदळाल.

भीती अगदीच खोटी नव्हती. तेव्हाचे ब्रेक सळ्या आणि केबलवर चालायचे. चार चाकांच्या चार सळ्या, प्रत्येकीचं अ‍ॅडजस्टमेंट वेगळं. एक जरी जास्त घट्ट असली तर ब्रेक दाबल्यावर गाडी त्या बाजूला ओढली जाणार.

हा प्रश्न सोडवला माल्कम लॉगहेडने. (याचा भाऊ अ‍ॅलन विमानं बनवायचा. लोक आडनाव धड उच्चारत नाहीत म्हणून त्यांनी स्पेलिंग बदललं, आणि झालं 'लॉकहीड'. हो, तीच विमानांची कंपनी.) माल्कमची कल्पना: सळ्या काढून टाका, नळीत द्रव भरा. पास्कलचा नियम सांगतो की बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. मग चारही चाकांना आपोआप सारखा दाब, अ‍ॅडजस्टमेंटची कटकट नाही.

१९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मॉडेल ए ही हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली प्रॉडक्शन कार आली. त्याच वर्षी ल मान्सला झालेली फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फीने हायड्रॉलिक ब्रेकच्या ड्यूसेनबर्गवर जिंकली. पण सुरुवातीचे सील गळायचे. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी त्यांच्या इंजिनिअर्सनी रबरी सील सुधारले, तेव्हा कुठे हे प्रकरण सामान्य माणसाच्या गाडीत येण्यालायक झालं. हेन्री फोर्डचा मात्र द्रवावर भरवसा नव्हता. त्याच्या फोर्ड गाड्यांमध्ये हायड्रॉलिक ब्रेक यायला १९३९ उजाडलं.

आणि इथेच एक नवीन बग शिरला. सळीच्या ब्रेकमध्ये एक सळी तुटली तर एका चाकाचा ब्रेक जायचा. हायड्रॉलिकमध्ये एक नळी फुटली तर सगळ्याच चाकांचा ब्रेक जातो, कारण द्रव एकच! दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप अशीच होती, एकच सर्किट. युद्धानंतर महिंद्राने मुंबईत जी जीप जोडायला घेतली तीही याच घराण्यातली. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि डिझाइन रिव्ह्यूमध्ये यावरून शिव्या खाव्या लागतात. दोन स्वतंत्र सर्किट्स अमेरिकेत नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती १९६८ पासून. म्हणजे ड्यूसेनबर्गनंतर ४७ वर्षांनी.

पिथमपूर

आता माझी गोष्ट.

बाहा नावाची एक स्पर्धा असते. १९७६ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली, आणि २००७ पासून भारतात, इंदूरजवळ पिथमपूरला. इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः एटीव्हीसारखी गाडी डिझाइन करायची, वेल्डिंगपासून सगळं करायचं आणि पळवायची. इंजिन सगळ्यांना सारखं, आमच्या वेळी दहा हॉर्सपॉवरचं. ब्रेकचा नियम सोपा आणि कडक: दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट्स हवीत, आणि ब्रेक टेस्टला धावत्या गाडीत पेडल दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. चारही. साडेतीन चालत नाही. ब्रेक टेस्ट पास नाही तर ट्रॅकवर पाऊल नाही.

ब्रेक माझ्याकडे होते. कॅलिपर बाइकचे, मास्टर सिलिंडर मारुतीचा (त्यात दोन सर्किट्स आयती मिळतात, सगळेच तो वापरतात). कॅल्क्युलेशन्स चांगली बावीस पानांची. कॉलेजच्या ग्राउंडवर चारही चाकं मस्त लॉक व्हायची.

पिथमपूरला पोहोचायच्या आदल्या रात्री पुढची एक लाइन फ्रेमला घासत होती म्हणून बदलली. लाइन बदलली की आत हवा शिरते, ती काढावी लागते. रात्रीचे दोन वाजले होते. मी तीन-चार वेळा पेडल मारलं, थोडे बुडबुडे निघाले, म्हटलं झालं.

सकाळी टेस्टला आमच्या ड्रायव्हरने पेडल दाबलं आणि पुढचं डावं चाक फिरतच राहिलं. पुन्हा, तेच. तिसऱ्यांदा, तेच. द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. पायाची सगळी ताकद त्या दोन-चार बुडबुड्यांना दाबण्यात खर्च होत होती. दुपारपर्यंत शांतपणे पुन्हा हवा काढली, टेस्ट पास झाली, पण तोपर्यंत बाकीच्या दोन इव्हेंट्सची वेळ निघून गेली होती.

टीममध्ये पंचवीस जण. कोणी एका शब्दाने बोललं नाही. तेच जास्त लागलं. ड्रायव्हर फक्त एवढंच म्हणाला, "अरे, हे टेस्टलाच झालं ते बरं. उतारावर झालं असतं तर?" त्याच्या भरवशावर नाही, माझ्या भरवशावर तो त्या गाडीत बसणार होता, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

तीन चाकं आणि मुलं

खरी एटीव्ही मात्र कॉलेजात नाही, जपानमध्ये जन्मली. १९६० च्या दशकाच्या शेवटी होंडाच्या अमेरिकन डीलर्सना हिवाळ्यात विकायला काहीतरी हवं होतं, कारण बर्फात मोटारसायकल कोण घेणार? होंडाच्या ओसामू ताकेउची या इंजिनिअरने फुग्यासारखे कमी हवेचे टायर लावलेली तीन चाकी बनवली. १९७० मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या सिनेमात दिसली. तुफान चालली.

पण तिचा मागचा अ‍ॅक्सल अखंड होता, डिफरन्शिअल नाही. वळताना दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरणार, त्यामुळे चालवणाऱ्याने अंगाचं वजन नीट टाकलं नाही तर गाडी वळायलाच तयार नाही किंवा थेट कलंडणार. हे दिसायला मात्र खेळण्यासारखं, म्हणून आईबाप मुलांना बसवायचे. १९८० च्या दशकात अमेरिकेत एटीव्हीवर शेकडो माणसं मेली आणि त्यात मोठा भाग सोळा वर्षांखालच्या मुलांचा होता. १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या कोर्टातल्या करारानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं, आणि ९० सीसीच्या वरची मोठी गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं ठरलं.

ब्रेकमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. मुख्य कारणं गाडीची ठेवण आणि चालवणाऱ्यांचं वय ही होती. पण बीचवरच्या त्या पोराचं "इथे कुठे ट्रॅफिक आहे?" मला याचसाठी खटकलं. या गाडीला ट्रॅफिक लागतच नाही. एक उतार आणि एक नऊ वर्षांचा मुलगा पुरतो.

धुळीचा हिशोब

आता राहिलेला अ‍ॅस्बेस्टॉस. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात नेली केर्शॉ नावाची बाई सूत कातायची. फुप्फुसं निकामी होऊन ती १९२४ मध्ये वारली, वय ३३. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण दाखवले आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. कंपनीने नुकसानभरपाई द्यायला नकार दिला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीबाबत ब्रिटनमध्ये पहिले नियम १९३१ मध्ये आले, पूर्ण बंदी १९९९ मध्ये. अमेरिकेने ब्रेकमध्येही वापरल्या जाणाऱ्या क्रिसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम जाहीर केला तो २०२४ मध्ये. नेलीनंतर बरोबर शंभर वर्षांनी.

म्हणून ड्रम उघडला की तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकर मारून धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये काय आहे ते बघून कळत नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा. आपल्याकडे गॅरेजमधली बारकी पोरं हेच फुंकायचं काम दिवसभर करत असतात, त्यांनाही सांगा.

तर, करायचं काय?

डिस्क ब्रेक जिंकला तो १९५३ मध्ये. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये डिस्क घरगुती गाडीत आली, १९६९ च्या होंडा सीबी७५० मध्ये मोटारसायकलवर, आणि तिथून एटीव्हीवर. उघडी असल्यामुळे ती लवकर थंड होते आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लवकर सुकते. पण लँचेस्टरला छळणारी धूळ आणि चिखल अजून तिथेच आहेत. एटीव्ही तर मुद्दाम चिखलात घालायचीच गाडी. तेव्हा:

१. चिखलातून किंवा समुद्रावरून आल्यावर कॅलिपर गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा झोत थेट सीलवर मारू नका. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या की एकच पॅड झिजतो. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

२. पॅडची जाडी बघा. त्यावर झिजेची खूण असते. खुणेपर्यंत आला की बदला, "अजून महिनाभर चालेल" नको.

३. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. ते हवेतलं पाणी शोषतं. नवीन डॉट ४ साधारण २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ ला. उकळलं की वाफ, म्हणजे पुन्हा तेच बुडबुडे. डबीवर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही.

४. हवा काढताना: निपलला पारदर्शक नळी, लिव्हर दाबून धरा, निपल पाव आटा उघडा, बुडबुडे जाऊ द्या, निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर परत पहिल्यापासून. बुडबुडे बंद झाल्यावर आणखी पाच-सहा वेळा करा. रात्री दोन वाजता करू नका.

५. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून सुकवा. ड्रम असेल तर जास्त वेळ लागतो, आणि आत पाणी शिरत असेल तर सील बघा.

६. निघण्यापूर्वी लिव्हर दाबून बघा. दोन सेकंदांचं काम. दगडासारखा लागला पाहिजे. मऊ लागला तर निघायचंच नाही.

त्या दिवशी बीचवर मी त्या पोराला टाकीतलं ऑइल दाखवलं. काढ्यासारखं काळं झालेलं. हवा कशी काढायची तेही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मग म्हणाला, "दादा, मला पटतंय हो. पण ऑइलचे पैसे शेठकडे मागायचे कोणी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी नाक्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून एक बाटली आणली आणि आम्ही दोघांनी मिळून त्या एका गाडीची हवा काढली. नळी धरायला भाचा होता. बुडबुडे मोजायचं काम त्याने मनापासून केलं, एकोणीस मोजले.

रांगेत आणखी सात गाड्या होत्या.

भाच्याला त्या दुरुस्त गाडीवरही बसू दिलं नाही, कारण ती ९० सीसीच्या बरीच वरची होती. तो अजून रुसलेला आहे. काल फोनवर मात्र विचारत होता, "मामा, सायकलच्या ब्रेकमध्ये पण हवा असते का?"